हळदीची बोटं

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच जणींवर जळले आहे. एकीच्या केसांवर, एकीच्या नवऱ्यावर, एकीच्या तर नुसत्या भरल्या वांग्यांवर. पण शिस्तीत, रोजच्या रोज, वह्या-पुस्तकं काखोटीला मारून, जणू विद्यापीठानंच नेमून दिल्यासारखी मी फक्त एकीवर जळले. ती माझ्याबरोबर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय इंग्रजी साहित्य, गाव नाशिक, आणि काळ असा की मुलांच्या पँटींचे पायघोळ तळ कॉलेजचा व्हरांडा आपोआप झाडून काढत असत.

तिचा मळा शहराबाहेर, गंगेच्या काठाला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. मळ्यात फुलं. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब. उजाडायच्या आत ती घरच्यांबरोबर फुलं तोडायची, पाट्या बाजारात पोचवायची आणि तिथून सायकलवर कॉलेजात यायची. यायची ती झेंडूचा वास घेऊनच. तिच्या बोटांची टोकं पिवळट-तपकिरी झालेली असत. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर तिचे ठसे उमटायचे. मी एखादं टीकेचं पुस्तक मोठ्या हौसेनं घरी न्यावं, तर नेमक्या महत्त्वाच्या पानाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा! ही इथंही आधी येऊन गेली! मी ते पान रागानं दोनदा वाचायची.

आता आमच्या सरांविषयी सांगायला हवं, कारण सगळा तमाशा त्यांच्या एका प्रथेनं उभा केला. सर दर आठवड्याला आम्हाला समीक्षेचा एक निबंध लिहायला लावत. शनिवारी त्यातला एकच निवडत आणि वर्गात वाचत. वाचत म्हणजे काय, एक हात पाठीमागे, दुसऱ्यात कागद, आवाज असा की ज्यानं तो निबंध लिहिला त्याला वाटावं आपण उगाच नाशकात जन्मलो. वाचून झालं की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "उतरवून घ्या आणि पाठ करा." मग तोच निबंध पुन्हा सावकाश सांगायचे, अन् आम्ही विसेक जण माना खाली घालून लिहून घ्यायचो.

सरांची दोन मतं होती आणि दोन्हींवर ते ठाम होते. एक, साहित्यावर लिहायचं तर स्वतःच्या आयुष्यातून लिहा, गाइडातून नको. दोन, आपली मुलं पाठ केल्याशिवाय पास होत नाहीत. ही दोन मतं एकमेकांचे गळे धरतात हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सरांना दिसत नव्हतं, आणि त्यांना सांगणार कोण?

मला त्या वर्षी एवढंच हवं होतं की एका शनिवारी सरांनी माझा निबंध वाचावा. पहिला वर्ग, नोकरी, स्थळं, सगळं त्यानंतर. मी माझा निबंध सरांच्या आवाजात मनातल्या मनात इतक्यांदा ऐकला होता की प्रत्यक्षात तो अजून एकदाही वाचला गेलेला नाही, ही निव्वळ तांत्रिक अडचण वाटायची. माझे निबंध दणदणीत असत. पहिल्या वाक्यात एक थोर टीकाकार, दुसऱ्यात दुसरा, आणि पान संपेपर्यंत तिथं थोर माणसांची इतकी दाटी व्हायची की मला स्वतःला उभं राहायला जागा उरत नसे. सर त्यावर तांबड्या शाईनं लिहायचे, "ठीक." एकदा लिहिलं, "ठीक आहे." तो 'आहे' मी आठवडाभर सांभाळला.

आणि मग दिवाळीनंतरचा तो शनिवार आला.

आम्हाला एक शोकांतिका होती. शेवटच्या अंकात राणीला मुलगा गेल्याची बातमी कळते, आणि ती काही बोलत नाही, समोरच्या दिव्याची काजळी पुसायला घेते. सरांचा प्रश्न होता, ही राणी रडत का नाही? मी चार टीकाकारांना कामाला लावलं होतं. सर उभे राहिले, हात पाठीमागे गेला आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यात टीकाकार नव्हता. पहिल्या वाक्यात झेंडू होता.

तिनं लिहिलं होतं की त्या वर्षी परतीच्या पावसानं त्यांचा झेंडू दसऱ्याच्या तोंडावर शेतातच कुजला. दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या रात्री तिची काकू हारांसाठी सुया ओवून ठेवायची. त्या वर्षीही तिनं सवयीनं ओवून ठेवल्या. सकाळी फुलंच नव्हती. काकू सुयांकडे पाहत बसली, मग एकेका सुईतला दोरा ओढून काढला, रिळाला परत गुंडाळला आणि भाकरी थापायला उठली. राणी दिवा पुसते, कारण दिवा पुसता येतो. एवढंच. निबंध दीड पानाचा.

सर थांबले. चष्मा कपाळावर गेला नाही, तो त्यांनी काढून पुसला. मग नेहमीचंच म्हणाले, उतरवून घ्या आणि पाठ करा. मनमाडहून रेल्वेनं ये-जा करणारा एक मुलगा रोज या तासाला झोपायचा, तोसुद्धा जागा होता. माझ्या शेजारी बसलेली ती खाली मान घालून नखातली माती काढत होती.

आता मला सांगा, जळायला आणखी काय लागतं?

कोणी म्हणेल, तिच्या घरावर संकट आलं, तुला वाईट नाही का वाटलं? वाटलं ना. मला याचं वाईट वाटलं की आमच्याकडे झेंडू नव्हता. परतीचा पाऊस आमच्या कॉलनीतही पडला होता, आणि त्यानं आमचं काय नेलं, तर दोरीवरचा एक टॉवेल! टॉवेलावर शोकांतिका उभी राहत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

आमच्या घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. जगात दुःख आहे, हे पहिलं सत्य मी बोबडं बोलायच्या वयापासून ऐकत आले होते. आणि आता ऐन परीक्षेच्या वर्षी, त्या एवढ्या मोठ्या दुःखातला निबंधात घालण्याजोगा एक तुकडा मला घरात सापडेना. मी आईकडे गेले. आई तांदूळ निवडत होती.

"आई, आपल्या घरात कधी काही वाईट घडलंय का गं?"

"कशाला?"

"निबंधात घालायचंय."

"तू आठवीत गणितात नापास झाली होतीस."

"ते नाही गं. मोठं काहीतरी. पूर, आग, मरण."

"मरण?" आईनं सूप खाली ठेवलं. "कुणाचं पाहिजे तुला? नाव सांग, म्हणजे त्याला तसं कळवते."

मग मी बाबांकडे गेले. बाबा सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळी पायरीवर बसून पेपर वाचायचे. ते गावातून शिकून वर आले होते आणि गावात त्यांनी पुष्कळ सोसलं होतं, हे आम्हा भावंडांना ठाऊक होतं. काय सोसलं, ते ठाऊक नव्हतं. पाण्याचा विषय निघाला की ते उठून आत जायचे, एवढंच आम्ही पाहिलं होतं.

"बाबा, तुम्ही लहानपणी गावात जे सोसलंत ते मला सांगा ना."

बाबांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे नीट पाहिलं. ते सांगणार, असं मला वाटलं.

"कशाला पाहिजे?"

"निबंधाला."

"किती मार्काचा हाय?"

"वीस."

बाबांनी पेपर पुन्हा वर केला. "विसाला नाय द्यायचं मी ते," पेपरामागून आवाज आला.

कचेरीत ते पुस्तकातल्यासारखं बोलायचे. गावचं बोलणं निघालं की समजायचं, पुढे विचारायचं नाही. मी पाय आपटत आत आले. केवढा हा चिक्कूपणा, असं त्या वेळी माझ्या मनात आलं. आज ते वाक्य आठवलं की मी पुढचं काहीच बोलत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की मी गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही.

तर दुःख मिळालं नाही. मग मी रंगाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना मी स्वयंपाकघरात गेले, हळदीच्या डब्यात दहाही बोटं बुडवली आणि टोकं चांगली चोळून काढली. माझा हिशेब सरळ होता. सर निबंध परत देताना हाताकडे पाहतात. तिची कामाची बोटं पाहून त्यांचा चेहरा मवाळ होतो. माझीही बोटं पाहोत. कसलं काम ते विचारलं तर तेव्हा बघू.

सरांनी पाहिलं. म्हणाले, "कावीळ झाली आहे का?"

ती माझ्या शेजारीच होती. तिनं माझ्या बोटांकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक उघडलं. हसली नाही. हसली असती तर मी तिला त्याच दिवशी माफ केलं असतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "डब्यात बोटं कुणी घातली? आज कुणाला हळद लागली?" मी साबणानं हात धुतले. दोन दिवसांत रंग गेला. तिचा जात नसे.

दरम्यान, सरांची दोन मतं एकमेकांवर येऊन आदळली. नाताळच्या आधी त्यांनी एक चाचणी घेतली आणि तोच राणीचा प्रश्न घातला. पेपर परत द्यायला आले ते लालबुंद होऊन.

"नाशिक जिल्ह्यात एवढा झेंडू कधी लागला?" ते गरजले. "जो तो झेंडू! प्रत्येकाची काकू सुया ओवते आहे!" मग त्यांनी मनमाडवाल्याला उभं केलं. "तुमचे वडील रेल्वेत आहेत ना?"

"हो सर. इंजिनावर."

"मग तुमचा झेंडू कुठे कुजला? रुळांच्या मधे?"

"सर, तुम्हीच म्हणालात, पाठ करा."

सरांनी घाईघाईनं दुसरा पेपर उचलला. तो सटाण्याच्या एका मुलाचा होता. "आणि तुम्ही? तुमच्या काकूला कांद्याच्या माळा ओवायच्या होत्या?"

तो उभा राहिला. शहरात आल्यापासून तो जपून बोलायचा, पण घाबरला की अहिराणी सुटायची. "आमनाकडे झेंडू नही ना सर. कांदा शे."

सर हसले. आम्ही सगळे हसलो. त्याला दोन मार्क जास्त मिळाले, निदान कांदा स्वतःचा म्हणून. मीसुद्धा झेंडूच लिहिला होता का? नाही. मी तिचा झेंडू लिहिण्यापेक्षा कोरा कागद दिला असता. मी टीकाकारच लिहिले, नेहमीपेक्षा एक जास्त. सरांनी लिहिलं, "ठीक." 'आहे' गेला.

त्या सुमाराला एक बदल झाला. आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसायचो. ती कडेला, सरांच्या टेबलासमोर, आणि मी भिंतीकडे, खिडकीशी. एक दिवस मी आले तर ती खिडकीशी बसलेली.

"इथे वारा येतो गं," ती म्हणाली. "तू बस कडेला."

मी लगेच बसले. डिसेंबरात वारा कुणाला हवा असतो, हा प्रश्न मला पडला नाही. मला एवढंच कळलं की आता सरांच्या नजरेसमोर मी आहे. मी तिच्यावर मात केली या आनंदात घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि जेवताना तिचंच पुराण लावलं. ती कशी बसते, काय म्हणाली, तिची वेणी कशी आज अर्धीच घातलेली, तरी कशी बरी दिसते.

"पुरे," आई म्हणाली. "बाराही महिने तुझ्या तोंडात तीच पोरगी. तिच्याशीच लग्न लावून देऊ का?"

बाबा घास चावत म्हणाले, "त्या सरांना म्हणावं हिचं ऐका. हिला एवढं पाठ दुसरं काही नाय."

मी चिडून ताटावरून उठले. पण तुम्ही हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझ्या लक्षात ते राहिलं नव्हतं आणि पुढे भलत्याच ठिकाणी वर आलं.

फेब्रुवारीत कॉलेजची पूर्वपरीक्षा, म्हणजे प्रिलिम. तिच्यानंतरचा शनिवार हा शेवटचा. पुढे वाचनाची सुट्टी आणि मग विद्यापीठाची परीक्षा. माझ्या हाती एकच पेपर उरला होता, कादंबरीचा.

कादंबरी दोन बहिणींची होती. धाकटी थोरलीवर जळते, जळत राहते, आणि शेवटी थोरली ते घर धाकटीला सोडून निघून जाते. प्रश्न आला, धाकटीच्या मत्सराची कारणं सांगा. सरांनी आम्हाला कारणं लिहून दिली होती. थोरलीचं रूप, वडिलांचं प्रेम, घराची मालकी. मला ती टीकाकारांच्या नावांसकट पाठ होती. मी पेन उचललं, पहिलं कारण लिहिलं, आणि का कोण जाणे, मला बाबांचा घास चावतानाचा आवाज ऐकू आला. हिला एवढं पाठ दुसरं काही नाय.

मी पहिलं कारण खोडलं. आणि लिहिलं, मत्सराला कारणं नसतात, सवयी असतात.

हे वाक्य माझं होतं. अख्ख्या वर्षात पहिलं. मग मी थांबलेच नाही. मी लिहिलं की धाकटी थोरलीच्या लांब बसत नाही, शेजारीच बसते, कारण लांबून नीट जळता येत नाही. ती थोरलीचे हातमोजे गुपचूप घालून बघते, आणि ती ते का घालते हे मला माहीत आहे, कारण माझी एक मैत्रीण आहे, तिच्या बोटांना फुलांचा रंग आहे, आणि मी एका सकाळी हळदीच्या डब्यात माझी बोटं बुडवली. मी लिहिलं की मला तिच्या संकटाचाही हेवा वाटला. मी लिहिलं की मी तिनं वाचलेलं पान शोधते, तिच्या आधी पोचता आलं नाही म्हणून निदान तिच्या मागून. मी लिहिलं की तिला यातलं काही माहीत नाही, आणि हीच धाकटीची खरी शिक्षा आहे, की थोरलीला पत्ताही नसतो. मी दोन पुरवण्या घेतल्या. मी वर्षभर साठवलेलं जळणं तीन तासांत कागदावर ओतलं आणि बाहेर आले ती हलकी होऊन. म्हटलं, चला, हा कागद एकटे सर वाचतील आणि विसरून जातील.

शनिवारी सर आत आले. एक हात पाठीमागे. दुसऱ्या हातात कागद. कागदाच्या कडेला शिवलेल्या दोन पुरवण्या.

मी ओळखलं. ज्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली तो समोर उभा होता, आणि त्याच्या पायाशी लोळण घेऊन 'नको' म्हणावं असं मला वाटत होतं. मी कडेला, सरांच्या अगदी समोर. पळायला जागा नाही. शेजारी ती.

"मत्सराला कारणं नसतात," सरांनी सुरू केलं, "सवयी असतात."

काय वाचलं हो त्यांनी! मी मनात ऐकला होता त्याहून सुंदर आवाज. हळदीचा डबा आला तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. दुसऱ्या क्षणी वीस माना माझ्या बोटांकडे वळल्या, आणि मग तिच्या. मी बोटं ओढणीत गुंडाळली. तिनं तिची बाकावर तशीच राहू दिली. सरांनी शेवटचं वाक्य संपवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शेवटी लिहिलंत. एकदाचं लिहिलंत." आणि वर्गाला, "उतरवून घ्या. पाठ करा."

वीस पेनं उघडली. तिचंही.

सर सांगत होते, ती लिहीत होती. माझी एक मैत्रीण आहे, तिनं लिहिलं. तिच्या बोटांना फुलांचा रंग आहे, तिनं त्याच बोटांनी लिहिलं. मग तिनं हात वर केला.

"सर, हळदीच्या पुढचं वाक्य परत सांगाल? माझं सुटलं."

सरांनी परत सांगितलं. मला तिच्या संकटाचाही हेवा वाटला. तिनं शांतपणे लिहून घेतलं आणि पूर्णविराम दिला. तास संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "छान लिहिलंयस गं," आणि सायकलकडे गेली. मी जागेवरून उठले नाही. सटाण्याचा मुलगा जाता जाता थांबला. "ताई, मी हळदीच्या जागी कांद्याचा वास घातला तर चालंल का?" म्हटलं, घाल बाबा, काय घालायचं ते घाल.

विद्यापीठाच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. जवळपास तोच. आमच्या कॉलेजातल्या सगळ्यांनी माझा मत्सर लिहिला. मनमाडवाल्यानंही लिहिला, त्याच्या बोटांना इंजिनाचं वंगण होतं म्हणे. कुठल्याशा गावी बसलेल्या तपासनिसाला नाशकाविषयी काय वाटलं असेल, देव जाणे. मीही लिहिला, उत्तम लिहिला, आता पाठच होता. पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर लिंबाखाली ती उभी होती. तिला टाळून जाता आलं असतं, पण वर्षभराची सवय. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"तूही माझाच लिहिलास ना?" मी विचारलं.

"अर्धा," ती म्हणाली. "सुरुवात तुझी. पण तुझं एक चुकलंय गं."

"काय चुकलंय?"

"थोरलीला माहीत असतं."

ती सायकलचं कुलूप काढत सहज सांगू लागली, जणू बाजारातले भाव सांगतेय. "हातमोजे आठव. आधी कपाटाच्या खणात असतात. धाकटी पहिल्यांदा घालते ते खणातून काढून. त्यानंतर पुस्तकभर ते टेबलावर आहेत. कुणी ठेवले? थोरलीनंच. हिला खण उघडायला नको, म्हणून. मी तेच लिहिलं. माझी एक मैत्रीण आहे, ती माझ्यावर जळते, तिला वाटतं मला माहीत नाही. मी तिला कडेची जागा दिली."

आणि ती गेली. गेली म्हणजे पायडल मारून सरळ गेली, मागे न बघता. मी लिंबाखाली उभी. पुस्तक मी सात वेळा वाचलं होतं, माझ्याकडे अकरा टीकाकार होते, आणि एकाच्याही लक्षात ते हातमोजे आले नव्हते. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते जुनंच, ओळखीचं, छातीत डावीकडे. हे मला का सुचलं नाही?

निकाल लागला. दोघींना पहिला वर्ग. पण आईनं माझी गुणपत्रिका हातात घेतल्याबरोबर विचारलं, "आणि तिला?"

कादंबरीच्या पेपराला तिला माझ्यापेक्षा जास्त होते. म्हणजे बघा, जळले मी, रात्रंदिवस राबून जळले मी, आणि माझ्या जळण्यावर मार्क घेऊन गेली ती!

दोन दिवसांनी ती पेढे घेऊन आमच्या घरी आली. आईनं तिला आजवर पाहिलं नव्हतं, फक्त माझ्या तोंडून वर्षभर ऐकलं होतं. आईनं तिला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग तिचा हात हातात घेऊन पदराच्या टोकानं तिचं बोट घासलं. पुन्हा घासलं.

"अगं, इकडे ये, बघ," आईनं मला हाक मारली. "हिचं निघत नाही!"

मी गेले नाही. मी आत चहा टाकत होते. बाहेर बाबा तिला तिच्या काकूविषयी विचारत होते, पाऊस, फुलं, सुया, आणि ती सांगत होती, आणि बाबाही काही सांगत होते, हळू आवाजात, मला ऐकू येणार नाही असं. मी कान दिला. ऐकू आलं ते एवढंच, "विहिरीवर आम्हाला..." आणि पुढे चहा उकळला.

मग मी चार कप भरले. तीन कपांत साखर घातली. चौथ्यात घातली नाही. तो कप उचलून मी स्वतः बाहेर नेला आणि तिच्या हातात दिला, आणि समोर बसून बघत राहिले.

तिनं एक घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकही घोट न सोडता, सगळा चहा प्यायली आणि कप माझ्यासमोर धरला.

"फार छान झालाय गं," ती म्हणाली. "अजून आहे?"